शिल्लक रजा

आमच्या दौंडात माणसं मराठीच बोलतात, पण दहा शब्दांत दोन शब्द रेल्वेचे असतात. ड्यूटी, क्वार्टर, पास, लोको, सिग्नल, कॉल. रेल्वे कॉलनीतल्या पोराला 'ए फॉर ॲपल' येण्याआधी हे सगळे शब्द येतात. मलाही आले. पण त्या सगळ्यांत एक शब्द असा होता की जो घरात नेहमी जरा खालच्या आवाजात बोलला जायचा. तो म्हणजे 'लीव्ह'.

"लीव्ह टाकलीय का?" "लीव्ह सँक्शन झाली का?" "लीव्ह किती शिल्लक आहे?" कॉलनीतल्या बायका नळावर एकमेकींना हेच विचारायच्या. आमच्याच गावात राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट, पाच नंबर आणि सात नंबर. तिकडच्या बायकांच्या तोंडीही हाच शब्द. नवरा बंदोबस्तावर, सण तोंडावर, आणि प्रश्न एकच, लीव्ह मिळणार का?

पुढे मी इंग्रजीची शिक्षिका झाले, लग्न होऊन शिरूरला आले, आणि आता गेली बरीच वर्षं पोरांना 'लीव्ह, लेफ्ट, लेफ्ट' घोकायला लावते. तेव्हा कुठे लक्षात आलं की हा शब्द भलताच घोळ घालणारा आहे. आज त्याच्याबद्दल थोडं लिहावंसं वाटतंय. मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी गंमत सांगते. आपण जो एक शब्द समजतो ते खरं तर दोन वेगवेगळे शब्द आहेत. रजा या अर्थाचा 'लीव्ह' आणि निघून जाणे या अर्थाचा 'लीव्ह' यांचं मूळ एक नाही. बोलता बोलता उच्चार सारखे झाले आणि स्पेलिंगही एक झालं, इतकंच. गावात दोन घरांचं आडनाव एक असावं आणि कुळ वेगळं असावं, तसं.

रजावाल्या 'लीव्ह'चा मूळ अर्थ परवानगी. जर्मन भाषेत सुट्टीला 'उरलाउब' म्हणतात, तो याच कुळातला. फर्लो हा शब्द डचमधून इंग्रजीत आला, तोही याच कुळातला. तुम्ही पेपरात वाचता ना, अमुक कैदी फर्लोवर बाहेर आला म्हणून? आपल्या सरकारी मराठीत फर्लोला 'संचित रजा' म्हणतात आणि पॅरोलला 'अभिवचन रजा'. म्हणजे तुरुंगातला माणूस आणि कचेरीतला माणूस, दोघेही रजेवरच जातात! मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा हसू आलं, मग वाटलं, यात हसण्यासारखं फारसं काही नाही.

आणि आपला 'रजा' शब्द तरी काय वेगळा आहे? तो अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आला. मूळ अर्थ खुशी, संमती. म्हणजे तिकडे युरोपात आणि इकडे आपल्याकडे, एकमेकांना न विचारता, दोन्ही भाषांनी एकच गोष्ट केली. वरच्याची संमती मिळाली तर घरी जायचं, म्हणून त्या संमतीचंच नाव सुट्टीला पडलं. 'राजी' हा शब्दही याच घरचा. आणि राजी या शब्दावरून आलेला 'राजीनामा'ही! राजीनामा म्हणजे खरं तर संमतीचा कागद. इंग्रजी अमदानीत आपल्या मुंबई इलाख्यात शेतकरी जमिनीवरचा हक्क सोडायचा तेव्हा तो 'राजीनामा' लिहून द्यायचा आणि नवा माणूस 'कबुलायत' लिहून द्यायचा. किती राजीनामे खरोखर राजीखुशीने लिहिले गेले असतील, देव जाणे. याच शिरूर-भीमथडीच्या मुलखात १८७५ साली शेतकऱ्यांनी सावकारांची कागदपत्रं काढून जाळली होती, एवढं आठवलं तरी पुरे.

जुनी माणसं निघताना म्हणायची, "आज्ञा असावी." 'निरोप घेणे' यातला निरोपही तसाच. निरोप म्हणजे सांगावा, आणि निरोप म्हणजे जाण्याची परवानगीही. कुणीतरी 'हो, या आता' म्हटल्याशिवाय उठायचं नाही ही आपली पद्धत. इंग्रजीत 'टेक लीव्ह' म्हणतात तेही अगदी हेच.

अजून एक उदाहरण देते, ते तर सगळ्यांच्या घरचं आहे. रांजणगाव, शिक्रापूर, सणसवाडी, या पट्ट्यात कंपन्या आल्या आणि गावोगाव भाड्याच्या खोल्या उठल्या. भाड्याचा करार असतो 'लीव्ह अँड लायसन्स'चा, बहुतेक अकरा महिन्यांचा. आमच्याकडे निम्म्या लोकांची समजूत अशी की अकरा महिन्यांनी खोली सोडायची, 'लीव्ह' करायची, म्हणून ते नाव! तसं नाहीये हो. तिथेही लीव्ह म्हणजे परवानगीच. राहायची परवानगी. पण घरमालक भाडेकरूला दर अकरा महिन्यांनी ज्या नजरेने बघतो, ते पाहता लोकांचा अर्थही अगदीच चूक म्हणवत नाही.

आता दुसरा 'लीव्ह', निघून जाण्याचा. याचा जुना अर्थ ऐकाल तर चक्रावून जाल. जुना अर्थ आहे 'राहू देणे', मागे ठेवणे. मेलेला माणूस मागे मुलंबाळं, शेत, कर्ज ठेवून जातो, त्या अर्थाने. पुढे हळूहळू नजर मागे ठेवलेल्या वस्तूवरून ठेवून जाणाऱ्या माणसावर गेली आणि शब्दाचा अर्थ 'जाणे' झाला. २०१६ साली २३ जूनला ब्रिटनमध्ये मतदान झालं. मतपत्रिकेवर दोनच पर्याय, 'रिमेन' आणि 'लीव्ह', राहायचं की जायचं. ५१.९ टक्क्यांनी लीव्ह जिंकलं. आणि हाच शब्द हजार वर्षांपूर्वी 'राहू देणे' म्हणून वापरात होता! शब्दसुद्धा पक्ष बदलतात म्हणायचे.

वर्गात याची मजा होते. एकदा मी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. 'फाइव्ह गर्ल्स लेफ्ट' आणि 'फाइव्ह गर्ल्स आर लेफ्ट'. पहिल्यात पाच मुली गेल्या. दुसऱ्यात पाच मुली उरल्या. मधला एवढासा शब्द आला आणि गेलेल्या मुली परत बाकावर येऊन बसल्या. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, मग नुसता लेफ्ट म्हटलं तर कळायचं कसं, गेली का राहिली?"

मी म्हटलं, "पुढचं-मागचं वाक्य बघायचं." शिक्षकांचं ठरलेलं उत्तर.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर त्या मुलीचे वडील दाखला न्यायला आले. आमच्या भाषेत एल.सी. शाळा सोडल्याचा दाखला. त्यात एक रकाना असतो, 'शाळा सोडण्याचे कारण'. तिथे लिहिलं गेलं, 'पालकांच्या विनंतीवरून'. बहुतेक दाखल्यांवर हेच असतं. वडिलांचं कंपनीतलं कंत्राटी काम सुटलं होतं, गावाकडे मुकादमाकडून उचल घेतली होती, आणि नवरा-बायकोचा कोयता ठरला होता. ऊसतोडीला जाताना तेरा वर्षांची मुलगी मागे कुणाजवळ ठेवायची? कायद्याने दाखला ताबडतोब द्यावाच लागतो, आणि तो द्यायलाच हवा, कारण तो हातात असला तर पोरगी दुसऱ्या शाळेत जाऊ तरी शकते. पण त्या एका ओळीच्या रकान्यात 'कोण सोडतंय' याला जागा नसते. मुलीने शाळा सोडली असं कागद म्हणतो. तिने कुठे सोडली? तिच्याकडून सुटली.

इथे मला मराठीचा फार अभिमान वाटतो बघा. इंग्रजीत एका 'लीव्ह'वर भागवतात, आपल्याकडे 'सोडणे' आणि 'सुटणे' असे दोन वेगळे शब्द आहेत. एकात करणारा असतो, दुसऱ्यात होऊन जातं. नोकरी सोडली आणि नोकरी सुटली, यात केवढा फरक आहे! दारू सोडली म्हणणाऱ्याकडे जग संशयाने बघतं, सुटली म्हटलं की विश्वास ठेवतं. शाळा सुटली की पोरं ओरडत बाहेर पडतात, शाळा सोडली की गप्प होतात. पोट सुटतं, वारा सुटतो, प्रश्न सुटतो, आणि गाडी सुटते. 'गाडी सुटली' यातसुद्धा दोन गाड्या आहेत. एक फलाटावरून निघालेली, दुसरी आपल्याला न मिळालेली. बहुतेक वेळा ती एकच गाडी असते.

शिरूरहून दौंडला जायचं तर न्हावरा, पारगाव करत चौफुल्याच्या रस्त्याने जावं लागतं. वाटेत केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मुली आणि बायका आणून इथे ठेवल्या, वाढवल्या, कामाला लावल्या. १९२२ साली त्या गेल्या तोवर मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतरही त्यांनी पुरं केलं होतं. त्या फाट्यावरून जाताना दर वेळी मला वाटतं की बाईंनी सोडलेल्या बायकांना सुटलेल्या बायका केलं. आपल्याकडे अजूनही म्हणतात ना, "ती सोडलेली आहे." बाई जिवंत, हिंडती-फिरती, पण वाक्यात ती कर्म. करणारा दुसराच. इंग्रजीत 'ही लेफ्ट हर' म्हटलं की निदान तो तरी वाक्यात दिसतो. मराठीत तो नामानिराळा, फक्त ती उरते.

आणि दौंड? दौंड तर सगळं सुटण्याचंच गाव. मनमाडचा फाटा १८७८ साली सुरू झाला आणि दौंड जंक्शन झालं. तेव्हा इंग्रजीत 'धोंड' लिहायचे. पुण्याकडून येऊन नगरकडे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरकडे, जाणाऱ्या गाडीचं इंजिन इथे काढून दुसऱ्या टोकाला लावायचे. गाडी ज्या बाजूने आली त्याच बाजूने बाहेर पडायची. नवखा प्रवासी घाबरून विचारायचा, "अहो, गाडी परत चालली काय?" आम्हा पोरांना त्याची भारी मजा वाटे. आता कॉर्ड लाइन झाल्यापासून बऱ्याच गाड्या गावात न येता बाहेरच्या बाहेर जातात.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, रेल्वेत १९६६ला लागले आणि २००३ला निवृत्त झाले. शेवटची बरीच वर्षं गार्ड होते. २०२२पासून रेल्वेने गार्डला 'ट्रेन मॅनेजर' असं नाव दिलंय. अण्णांना ते पसंत नाही. "मॅनेजर बँकेत असतो," म्हणतात. गार्डने हिरवा झेंडा दाखवल्याशिवाय गाडी हलत नाही. म्हणजे गाडीला निघायची परवानगी देणारा माणूस. लीव्हचे दोन्ही अर्थ एका झेंड्यात!

पण या माणसाने स्वतः फारशी रजा घेतली नाही. नियम असा की वर्षाला तीस दिवस भरपगारी रजा जमा होते, पंधरा जानेवारीत, पंधरा जुलैत. न घेतलेली साठत जाते आणि निवृत्तीला तिचे पैसे मिळतात. पूर्वी ही मर्यादा २४० दिवसांची होती, १९९७पासून ३०० दिवसांची झाली. अण्णांकडे एक छोटी वही होती, तीत ते हिशेब ठेवत. माझी मुंज झालेली नाही म्हणून सोडा, पण भावाची मुंज, आईचं ऑपरेशन, माझी दहावी, या सगळ्याला ते ड्यूटी सांभाळून येऊन-जाऊन होते. कुणी त्यांना अडवलं नव्हतं. तेच मागत नव्हते. "शिल्लक असू दे. लागेल तेव्हा लागेल," हे त्यांचं वाक्य.

निवृत्त झाले तेव्हा वहीत पुरे ३०० दिवस होते. त्याचे पैसे आले. त्यातून भावाच्या इंजिनिअरिंगचं कर्ज फिटलं आणि घरावर स्लॅब पडला. कॉलनीत कौतुक झालं. आई त्या रात्री भाकऱ्या करता करता म्हणाली, "तीनशे म्हणजे दहा महिने झाले की वो." बस, एवढंच. तक्रार नव्हती, हिशेब होता. पण तिने तो दिवसांत केला आणि अण्णांनी रुपयांत, आणि दोघांचाही बरोबर होता. त्या पैशाशिवाय भाऊ आज जिथे आहे तिथे नसता, हे मला मान्य आहे. ते दहा महिने आईला मिळाले नाहीत, हेही तितकंच खरं आहे. २०१४ साली आई गेली. शिल्लक रजा इंग्रजीत म्हणाल तर 'लीव्ह दॅट इज लेफ्ट'. दोन्ही लीव्ह एका वाक्यात येऊन बसतात, आणि वाक्य वाचलं की घशात काहीतरी अडकतं.

यंदा पावसाळ्यात अण्णा ओट्यावरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. भाऊ परदेशातून आला, दोन आठवडे राहिला. त्याला तेवढीच रजा होती. तो परत निघाला तेव्हा बापलेक एकमेकांकडे न बघता बोलत होते. "येतो, अण्णा." "ये." आपल्याकडे 'जातो' म्हणत नाहीत. 'गेले' हा शब्द आपण एकाच कामासाठी राखून ठेवलाय, म्हणून निघणारा माणूस 'येतो' म्हणतो, आणि ऐकणारा ते खरं मानतो. साताठ हजार किलोमीटर दूर चाललेल्या माणसाने 'येतो' म्हणावं, याला खोटं म्हणवत नाही. इंग्रजीला हे एका शब्दात जमणार नाही.

अण्णांना शिरूरला चला म्हटलं तर तयार नाहीत. "घर सोडून कुठं येऊ?" मग मीच अर्ज लिहिला. अर्धवेतनी रजा, चाळीस दिवस. अर्ध्या पगाराची. रजा हा हक्क नाही, असं रजेच्या नियमांतच लिहिलेलं असतं, म्हणून विनंती केली, आणि मंजूर झाली. अण्णांना कळलं तेव्हा चिडले. "कशाला वाया घालवतीस? माणसानं रजा शिल्लक ठेवावी. लागेल तेव्हा—"

"आता लागलीय, अण्णा," मी म्हटलं.

ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "किती दिवस?"

"चाळीस."

"वहीत लिहून ठेव."

मी लिहून ठेवलं. त्यांच्याच जुन्या वहीत, मागच्या कोऱ्या पानावर. आज सव्विसावा दिवस आहे. वॉकर धरून ते ओट्यापर्यंत जातात. सोलापूरकडची गाडी गेली की घड्याळ बघतात आणि किती लेट आहे ते मला सांगतात. मी स्वयंपाक करते, वर्तमानपत्र वाचून दाखवते, आणि आईबद्दल आम्ही दोघं बोलतो, जे इतक्या वर्षांत कधी जमलं नव्हतं. काल म्हणाले, "तिला महाबळेश्वर बघायचं होतं." मला हे माहीतच नव्हतं.

त्या तिसऱ्या बाकावरच्या मुलीची चौकशी मी करत असते. तिच्या गावच्या शाळेत तिचं नाव दाखल झालंय एवढं कळलं. नाव दाखल आहे म्हणजे ती वर्गात बसते का, ते उन्हाळ्यात पट्टा पडला आणि ते लोक घरी परतले की कळेल. तोवर तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. गेली का राहिली, हे पुढचं वाक्य आल्यावरच समजणार.

असो. अण्णांच्या औषधाची वेळ झाली. उरलेले चौदा दिवस आहेत, ते मी शिल्लक ठेवणार नाही.

चला, येते.